जायचाच आहे, पण वेळेवर

मराठीत ‘दात काढणे’ याला दोन अर्थ आहेत. एक दवाखान्यातला, दुसरा उगाच फिदीफिदी हसण्याचा. सहा वर्षांपूर्वी आषाढातल्या एका रविवारी लोणावळ्यात बहिणीच्या घरी पहिल्या अर्थावर सगळ्यांचं एकमत झालं होतं आणि दुसरा कुणाला सुचण्यासारखी परिस्थिती नव्हती. पाच वर्षांची भाची रात्रभर रडून पहाटे झोपली होती. खालच्या उजव्या बाजूला, सगळ्यांत मागच्या दाढेशेजारी हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पिवळसर पुळी आली होती. नाणे मावळातून आवणी अर्धी टाकून आलेल्या तिच्या आजीनं टॉर्च मारून तोंडात पाहिलं आणि निकाल दिला, “दुधाचीच दाढ हाय. पडायचीच हाय. काढून टाका, पोरीचा जीव सुटंल.”

मीही मान डोलावली. जी वस्तू आपोआप जाणार, तिच्यावर पैसे आणि पोरीचे अश्रू कशाला खर्च करायचे?

सोमवारी आम्ही लोकलनं तळेगावला गेलो. लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एक छोटा एक्स-रे काढला आणि पडद्यावर मोठा करून दाखवला. किडलेल्या दाढेला दोन लांब, फाकलेले पाय होते. आणि त्या दोन पायांच्या मधोमध, हाडातल्या एका गोल पोकळीत, एक इवलीशी टोपी बसली होती. खुडूक कोंबडी अंड्यावर पंख पसरून बसते, अगदी तशी ती किडकी दाढ त्या टोपीवर बसली होती.

“ही हिची मोठेपणाची दाढ,” बाई म्हणाल्या. “अजून अर्धीच घडलीय. अकराव्या वर्षाच्या आसपास वर येईल.”

त्या एका चित्रानं माझं मत फिरलं, हे कबूल करतो. तोवर मला वाटायचं की दुधाच्या दातांना मूळच नसतं. वाटणारच. आपण हातात घेतलेला प्रत्येक पडका दात बिनमुळाचाच असतो. वर दाताचा आकार, खाली पोकळ वाटीसारखी खरबरीत कड. पण मूळ असतं, चांगलं लांब असतं आणि दाढांची मुळं तर मुद्दाम फाकलेली असतात, कारण खालचं पिल्लू त्यांच्या बेचक्यात वाढायचं असतं. पुढे त्या पिल्लाची वर यायची वेळ झाली की त्याच्या भोवतालच्या आवरणाकडून इशारे सुटतात आणि काही खास पेशी गोळा होऊन दुधाच्या दाताचं मूळ खायला लागतात. आम्लानं विरघळवतात आणि पचवतात. टोकाकडून वर, वर, महिनोन्‌महिने. शेवटी मूळच उरत नाही, दात नुसता हिरडीला चिकटून राहतो, जिभेनं ढकलला तरी हलतो, आणि एके दिवशी भाकरीच्या घासात हातात येतो. म्हणजे दुधाचा दात पडतो तो झिजून किंवा कमकुवत होऊन नव्हे. शरीरच त्याला खालून मोकळा करतं. एखाद्याच्या जबड्यात वारस दात जन्मतःच घडला नसेल, तर तिथला दुधाचा दात पुढे कैक वर्षं टिकून राहू शकतो.

हा दात आपल्याकडे कौलांवर फेकायचा किंवा उंदराच्या बिळात टाकायचा. ‘उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे.’ लहानपणी मला हे निव्वळ पोरखेळ वाटायचं. पण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. देवघेवीसाठी याहून चांगलं गिऱ्हाईक कोणी निवडलं असतं?

आता मूळ प्रश्न. दाढ किडली कशी, आणि इतक्या लवकर ठणकायला का लागली?

‘कीड’ हा शब्दच पाहा. दातात किडा असतो, तो आतून पोखरतो, ही कल्पना बाबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर सापडते आणि आमच्या भाषेतही घर करून बसली आहे. बाजारात दातातला किडा काढून दाखवणारे लोक आमच्या आजोबांच्या पिढीनं पाहिलेले. किडा नाही, पण सजीव आहेतच, फक्त डोळ्यांना न दिसणारे. त्यांतला एक मुख्य जिवाणू १९२४ मध्ये लंडनच्या जे. किलियन क्लार्क यांनी वेगळा काढून दाखवला. हे जिवाणू दाताच्या बुळबुळीत थरात राहतात, आपण खाल्लेली साखर खातात आणि आम्ल सोडतात. पीएच ५.५ च्या खाली गेला की दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, विरघळू लागतो. तोच विरघळवण्याचा धंदा, पण इथे बोलावणं नसताना आणि वरच्या बाजूनं.

मोठ्या दातापेक्षा दुधाच्या दाताचं कवच साधारण निम्मं पातळ. आतला मऊ गाभा मात्र दाताच्या मानानं मोठा, आणि त्याची टोकं शिंगांसारखी वरपर्यंत आलेली. त्यामुळे वरून काळा ठिपका दिसेपर्यंत आत घर लुटलेलं असतं. गाभ्यात जिवाणू शिरले की तो सुजतो. कठीण भिंतींच्या आत सुजायला जागा नाही, म्हणून ठणका लागतो. मग गाभा मरतो आणि ठणका थांबतो. आईबाप सुटकेचा श्वास सोडतात, आणि इथेच फसतात. पू वाट शोधत असतो. दुधाच्या दाढेच्या तळाशी, जिथे दोन मुळं फुटतात त्या बेचक्यात, बारीक नळ्या असतात. पू तिथून उतरतो, थेट पिल्लाच्या डोक्यावर. मग हिरडीतून पुळी फोडून बाहेर येतो. पुळी फुटली की सूज उतरते, पुन्हा येते. असं वर्षभर चाललं, तर खाली घडत असलेल्या दातावर कायमचा डाग, खड्डा किंवा खडबडीतपणा राहू शकतो. टर्नर नावाच्या इंग्रज दंतवैद्यानं १९१२ मध्ये असे दात नोंदवले आणि त्यांना अजून टर्नरचे दातच म्हणतात.

मग आजीचंच बरोबर नाही का? काढून टाका, पू संपला, पिल्लू वाचलं.

बाईंनी हा प्रश्न आजीलाच परत विचारला, तोही शेताच्या भाषेत. आजीही हट्टानं दवाखान्यात आली होती, हे सांगायचं राहिलं. “आजी, बांध काढला तर शेजारचा काय करतो?”

“कोरतो की! आन् काय करनार?”

एवढ्यानं काम झालं. सहाव्या वर्षी मुलांच्या तोंडात सगळ्यांत मागे एक नवी मोठी दाढ येते. ती कुणाच्या जागी येत नाही, तिच्यासाठी दुधाचा कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे बहुतेक आईबाप तिलाही दुधाचीच समजतात. ही दाढ येताना पुढच्या दुधाच्या दाढेच्या पाठीला टेकून येते. ती पाठच काढून घेतली, तर नवी दाढ पुढे सरकते, रिकामी जागा गिळते आणि पिल्लाची वाट बंद होते. मग तो दात आडवा येतो, किंवा हाडातच अडकतो, आणि बाराव्या-तेराव्या वर्षी तारा लावायची वेळ येते. भाची होती पाचाची. मोठी दाढ हिरडीखाली दबा धरून बसलेली. बांध काढायला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, बांध कोरून मात्र भरतं, हे मावळात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा ठरलं की दाढ ठेवायची, आणि आतली घाण काढायची. या कामाला पल्पेक्टॉमी म्हणतात. दवाखान्याच्या पाटीवर ‘लहान मुलांचं रूट कॅनाल’ असं लिहिलेलं असतं.

भाचीला खुर्चीत बसवण्यातच अर्धा तास गेला. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, ही बालदंतवैद्यांची जुनी रीत. प्रत्येक हत्यार आधी बाहुलीच्या तोंडात, मग तिच्या नखावर, मग दातावर. भुलीचं इंजेक्शन म्हणजे ‘दाताला झोपवायचं पाणी’. दाढेभोवती ताणून बसवायचा रबराचा निळा चौकोन म्हणजे ‘दाताचा रेनकोट’.

“म्हंजे इरलं,” आजी कोपऱ्यातून म्हणाली. बाहेर धो धो पाऊस, आणि पोरगी भुलीनं वाकडं झालेलं तोंड घेऊन हसली.

इरल्याचा उपयोग खराच आहे. थुंकीतले जिवाणू आत जाऊ नयेत आणि आतलं औषध घशात उतरू नये, म्हणून ते. मग दाढेचं छत उघडलं, मेलेला गाभा निघाला, आणि केसासारख्या सुयांनी मुळांच्या पोकळ्या घासल्या गेल्या. त्या पोकळ्या सरळ नळीसारख्या नसतात, चपट्या फितीसारख्या असतात, मध्येच फुटतात, पुन्हा जुळतात. सुया टोकापर्यंत न्यायच्या नाहीत, साधारण १ मिलिमीटर अलीकडे थांबायचं, कारण पलीकडे पिल्लू आहे. सुई न पोचलेल्या फटी धुण्याच्या द्रावणानं धुवायच्या. मोठ्यांच्या सुया या बुटक्या, वाकड्या मुळांना नीट बसत नाहीत, म्हणून चेन्नईतल्या एका दंतवैद्यानं मुलांसाठी आखूड, यंत्रावर फिरणाऱ्या सुया तयार केल्या आणि आता देशभर त्या वापरात आहेत.

खरी गंमत मात्र यानंतर सुरू होते. पोकळी स्वच्छ झाली, आता भरायची कशानं?

मोठ्या माणसाच्या दातात गट्टापर्चा भरतात. मलायातल्या एका झाडाचा हा चीक. समुद्राच्या पाण्यात शतकभर न कुजणारा. १८७० मध्ये मुंबई इंग्लंडला जोडणारी समुद्री तार याच चिकाच्या वेष्टनात टाकली होती. मोठ्या दातात हवं तेच, कधी न विरघळणारं. पण दुधाच्या दातात गट्टापर्चा भरला, तर काही वर्षांनी मूळ खाणाऱ्या पेशी येतील, मूळ खातील आणि मध्ये हा न पचणारा खुंटा उभा राहील. म्हणून इथे उलटा पदार्थ लागतो. जिवाणूंना मारणारा, पोकळी भरून ठेवणारा, पिल्लाला न दुखावणारा, आणि मूळ ज्या गतीनं विरेल त्याच गतीनं आपणही विरून जाणारा. टिकायला शिकवलेले पदार्थ जगात रग्गड आहेत. वेळेवर नाहीसं व्हायला शिकलेले फार थोडे.

सापडले ते कुठे? एक फडताळात आणि एक पानाच्या डब्यात.

पहिला पदार्थ लवंगेचा. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल आणि जस्ताची पांढरी भुकटी कालवली की घट्ट सिमेंट होतं. दातांच्या दवाखान्याचा जो ठरावीक वास येतो तो याचाच. दुधाच्या दातांत हे मिश्रण १९३० पासून भरत आले. दोष एकच, ते मुळापेक्षा सावकाश विरतं, कधी कधी दात पडल्यावरही त्याचा कण हिरडीत राहून जातो. दुसरा पदार्थ चुना. रसायन तेच, जे पानाला लावतात आणि ज्याची निवळी आमच्या लहानपणी दात बळकट व्हावेत म्हणून पाजत. हर्मान नावाच्या जर्मन दंतवैद्यानं १९२० मध्ये तो दातांत आणला. हा शुद्ध चुना आणि पिवळं, उग्र वासाचं आयोडोफॉर्म यांची पेस्ट नळीतून मुळात सोडतात. ती चटकन विरते, क्वचित मुळाच्याही आधी. एक रेंगाळतो, दुसरा घाई करतो, म्हणून काही जण तिन्ही गोष्टी एकत्र मिसळतात. मुळाची आणि भरावाची चाल जुळवण्याचा हा खटाटोप अजून पुरता संपलेला नाही. (हे वाचून कुणी घरचा चुना पोराच्या दातात भरू नये. हिरडी भाजते. निव्वळ लवंगतेलाचंही तेच.)

आजार आधी लक्षात आला असता, गाभ्याचा फक्त वरचा भाग बिघडला असता, तर काम याहून सोपं होतं. वरचा भाग कापायचा, मुळांतला जिवंत ठेवायचा आणि त्यावर झाकण घालायचं. ही पल्पोटॉमी. पूर्वी या कामाला फॉर्मोक्रेसॉल नावाचं जहाल औषध वापरत. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात लोमा लिंडा विद्यापीठातल्या महमूद तोराबिनेजाद यांनी त्या जागी जे आणलं, त्याचा पाया चक्क पोर्टलंड सिमेंट! लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिननं १८२४ मध्ये पेटंट घेतलेलं, खंडाळ्याच्या घाटात पुलांच्या खांबांत ओतलेलं तेच. गाळून शुद्ध केलेलं, आणि एक्स-रेत दिसावं म्हणून बिस्मथची भुकटी घातलेलं. सिमेंटला पक्कं व्हायला ओल लागते हे गवंडी जाणतो. दाताच्या गाभ्यात ओल असतेच. तिथे ते घट्ट होतं, चुना सोडतं, आणि त्याच्या खाली जिवंत गाभा आपली नवी भिंत बांधतो.

शेवटी भाचीच्या दाढेवर स्टीलची टोपी. पोकळ झालेली दाढ चावताना फुटू नये आणि पुन्हा जिवाणू शिरू नयेत म्हणून. विल्यम हम्फ्री यांनी १९५० मध्ये या तयार टोप्यांचा वापर सुरू केला. पुढे स्कॉटलंडच्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंनी तर गाभा निरोगी असेल अशा किडक्या दाढांवर भूल नाही, कोरणं नाही, नुसती टोपी दाबून बसवायला सुरुवात केली. आत कोंडलेल्या जिवाणूंना साखर पोचत नाही, ते उपाशी पडतात, कीड थांबते. लोकांना हे आळशीपणाचं वाटलं होतं. २००७ मध्ये तिथल्याच मुलांवरच्या रीतसर चाचणीचे निकाल आले आणि बाईंची पद्धत खरी ठरली.

दाढ प्रत्येक वेळी वाचवावीच, असं मात्र नाही. मूळ आधीच बरंच खाल्लं गेलं असेल, टोपी बसायलाही दात उरला नसेल, पू पिल्लाच्या पोकळीत शिरला असेल, किंवा मुलाला हृदयाचा ठरावीक आजार असेल, तर काढणंच शहाणपणाचं. मग रिकाम्या जागी तारेचं कडं बसवतात, बांधावरच्या हद्दीच्या दगडासारखं. आणि ताप येऊन गाल डोळ्याकडे किंवा जबड्याखाली सुजत गेला, तर लोकलची वाट न पाहता मोठं रुग्णालय गाठायचं.

खर्चाचं म्हणाल, तर याच लोकलनं पुढे गेलं की पिंपरीत संत तुकारामनगरला डी. वाय. पाटील डेंटल कॉलेज आहे. डेंटल कॉलेजांत हेच उपचार खासगी दवाखान्यापेक्षा बरेच स्वस्तात होतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, आणि त्यांनी तपासायच्या आजारांच्या यादीत दातही आहेत. त्या दिवशी पोर गैरहजर राहू नये, एवढं आपल्या हातात. जगात दुधाचे दात किडलेली मुलं ५१.४ कोटी आहेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या अहवालात म्हटलं आहे.

लोणावळ्यात राहून चिक्कीवर आळ न घेता हा विषय संपवता येत नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, आणि ती बांधणाऱ्या मजुरांच्या गुडदाणीपासून चिक्की निघाली असं इथे सांगतात. बहिणीच्या घरीही डबा कायम भरलेला. पण दातांच्या बाबतीत ‘किती खाल्लं’ यापेक्षा ‘किती वेळा खाल्लं’ आणि ‘किती चिकटलं’ हे मोठं. स्वीडनमध्ये व्हिपेहोल्म मनोरुग्णालयात १९४७ पासून काही वर्षं मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून हे सिद्ध केलं गेलं. प्रयोग निर्दय होता, आज कुणी परवानगी देणार नाही. निष्कर्ष मात्र पक्का निघाला. जेवणाबरोबरची साखर फारसं बिघडवत नाही, दोन जेवणांच्या मधली चिकट साखर वाट लावते. एका घासानंतर तोंडातलं आम्ल उतरायला अर्धा तास किंवा जास्तच लागतो, तेवढ्यात दुसरा तुकडा तोंडात गेला तर दाताला सावरायला उसंतच नाही. तेव्हा चिक्की जेवणानंतर एकदा खावी. माझा खरा राग आहे तो चहात बुडवलेल्या बिस्किटांवर, पाच रुपयांच्या पुड्यांवर आणि झोपताना तोंडात राहणाऱ्या गोड दुधाच्या बाटलीवर. भाचीची बाटली साडेतीन वर्षांपर्यंत सुटली नव्हती. आमच्या घरात तेव्हा सगळे तिला ‘शांत झोपते हो’ म्हणत होते, मीसुद्धा.

ती आता अकराची झाली. गेल्या गणपतीत आरतीनंतर खिरापतीतलं खोबरं चावताना स्टीलच्या टोपीसकट दाढ तिच्या हातात आली. रक्ताचा एक थेंब, बस. मी उलटी करून पाहिली. एक्स-रेतले ते दोन लांब पाय नव्हते. आत भरलेली पिवळी पेस्टही नव्हती. हिरडीत खाली पाहिलं तर नव्या दाढेचं पांढरं टोक वर डोकावत होतं, बिनडागाचं.

त्या टोपीखालच्या कवचात अजून एक गोष्ट आहे, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारी. कवच पोटात असतानाच घडू लागतं आणि जन्माच्या धक्क्यानं त्यात एक बारीक रेघ उमटते. रेघेच्या आतलं आईच्या पोटातलं, बाहेरचं जगातलं. १९५८ नंतर अमेरिकेत सेंट लुईस शहरातल्या लोकांनी मुलांचे तीन लाखांहून अधिक पडके दात गोळा केले आणि अणुचाचण्यांची राख दुधातून मुलांच्या दातांत कशी उतरली ते मोजलं. हे सांगितल्यावर भाचीनं दाढ माझ्या हातातून काढून घेतली.

आजी म्हणाली, “टाक कौलावर.” मग स्वतःच वर पाहिलं. घरावर आता स्लॅब आहे. उंदीरमामाचा प्रश्न निघाला, तर भाची म्हणाली, स्टील बघून तो घ्यायचा नाही. तिनं दाढ चिक्कीच्या रिकाम्या डबीत ठेवली आहे. कोणी पाहुणा आला की डबी कानाशी नेऊन वाजवते आणि विचारते, “ओळख, आत काय?” पाहुणा दरवेळी शेंगदाणा म्हणतो.